सोयाबीनचा भाव, तेलाचं आयातशुल्क आणि मुक्त व्यापार करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शेती औसा तालुक्यात. खरिपाला सोयाबीन, त्यात तुरीचे पट्टे, पाणी राहिलं तर रब्बीला हरभरा. गावातल्या शेतकरी गटाच्या बैठकीत आयात-निर्यातीची अधिसूचना वाचून दाखवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आलं आहे. वाचून झालं की प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझी बाजू आधीच सांगतो. व्यापाराचं दार उघडं असावं की बंद, यावर वाद घालायला मला आवडतं. पण शेतकरी जास्त मार खातो तो ते दार हंगामाच्या मध्येच, त्याला न विचारता हलवलं जातं म्हणून.

आयातशुल्क म्हणजे नेमकं काय? ते बाहेरचा देश भरतो का?

नाही. माल बंदरात उतरला की तो आणणारा इथला व्यापारी शुल्क भरतो आणि पुढे किमतीत लावतो. शेवटी ते ग्राहकाच्या खिशातून जातं. त्याचा आधार मिळतो तो तोच माल इथे पिकवणाऱ्याला किंवा बनवणाऱ्याला, कारण बाहेरचा माल तेवढा महाग होतो. संरक्षणवाद म्हणतात तो हाच. शुल्काशिवाय कोटा, आयातबंदी, किमान आयात किंमत हेही त्याचेच प्रकार.

मुक्त व्यापार करारात दोन किंवा अधिक देश एकमेकांच्या बहुतेक मालावरचं शुल्क काढतात किंवा ठरलेल्या वर्षांत कमी करत नेतात. "बहुतेक" हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक करारात वगळलेल्या मालाची यादी असते आणि खरी ओढाताण त्या यादीवरूनच होते.

सप्टेंबर २०२४ मध्ये तेलावरचं शुल्क एवढं वाढवलं. मग सोयाबीनचा भाव का वाढला नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं आणि शुद्ध तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के. बातमी आली तेव्हा गावात पेढे वाटायचेच बाकी होते. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. दिवाळीनंतर आम्ही लातूरच्या आडतीवर माल नेला, तेव्हा आमच्या पट्टीवर ४,१५० रुपये लागले. त्यातून हमाली आणि तोलाई गेली. आडत्याने मूठभर दाणे दाताखाली फोडून बघितले, मग यंत्रावर ओलावा मोजला: चौदा टक्के. सरकारी खरेदी केंद्रावर तेव्हा बाराच्या वर माल घेत नव्हते. ती मर्यादा पंधरावर नेल्याचा आदेश नोव्हेंबरच्या मध्यावर आला. तोवर ज्यांना रब्बीच्या बियाण्याचे आणि खताचे पैसे हवे होते, त्यांचा माल विकून झाला होता.

भाव न वाढण्याचं मुख्य कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण १८ किलो, उरलेली ८० किलोच्या आसपास पेंड. म्हणजे कारखानदाराचं गणित जितकं तेलावर, तितकंच पेंडेवर बसतं. शुल्क वाढलं ते तेलावर. पेंडेला मात्र जगात उठाव नव्हता. ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त होती, त्यामुळे निर्यात अडली. देशात इथेनॉलचे कारखाने वाढले, आणि मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारी डीडीजीएस नावाची स्वस्त पेंड कोंबडी खाद्यात शिरली. तेलाने जे वर उचललं, ते पेंडेने खाली ओढलं.

पुढे ३१ मे २०२५ पासून, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं. शुद्ध तेलावरचं तसंच ठेवलं. त्यामागचा हेतू देशातल्या रिफायनऱ्या चालाव्यात हा होता आणि तो चुकीचा नाही. पण त्याच आठवड्यात आम्ही सोयाबीनचं बियाणं विकत घेत होतो. ते घेताना जो हिशेब मांडला, तो पिशवी फोडायच्या आधीच बदलला.

२०२१ मध्ये तर दहा हजारांच्या वर भाव गेला होता. तो कसा पडला?

२०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. कोंबडीपालकांना पेंड परवडेना, त्यांची ओरडही खरी होती. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडेच्या आयातीला परवानगी दिली. जे जीएम सोयाबीन आम्हाला पेरायला मनाई आहे, त्याचीच पेंड. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव पाच-साडेपाच हजारांच्या घरात आला. २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीनचे वायदेही (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवले आणि ती मुदत पुढे वाढतच गेली.

पेंडेच्या आयातीनेच सगळा भाव पाडला असं मी म्हणणार नाही. नवा हंगाम आला की भाव उतरतोच. पण तो दहा हजारांचा आकडा लोकांच्या डोक्यात घर करून बसला. माझ्या वडिलांनी त्या वर्षीची अकरा कट्टी बाजूच्या खोलीत थप्पी लावून ठेवली, भाव परत येईल म्हणून. तीन पावसाळे ती तिथेच होती. शेवटी विकली तेव्हा वजनात घट आणि भाव साडेचार हजारांच्या आत. अशा खोल्या मराठवाड्यात किती घरांत होत्या, ते तिथल्या कुणालाही विचारा.

पण स्वस्त पाम तेल येतं ते मुक्त व्यापार करारामुळेच ना?

बहुतेकांना तसं वाटतं, मलाही वाटायचं. कागद बघितल्यावर मत बदललं.

पाम तेल येतं मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियाकडून. हे दोन्ही देश आसियान या आग्नेय आशियातल्या देशांच्या गटात आहेत. आसियानशी आपला वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात पाम तेल खास यादीत ठेवलेलं आहे. कच्च्या पाम तेलावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने ३७.५ टक्क्यांपर्यंत आणि शुद्ध तेलावरचं ४५ टक्क्यांपर्यंत उतरवायचं, असं २०१९ अखेरपर्यंतचं वचन आपण दिलं. त्याच्या खाली जाण्याची सक्ती करार करत नाही. जागतिक व्यापार संघटनेत तर पाम तेलाची आपली कमाल मर्यादा ३०० टक्के आहे. सोयाबीन तेलाची मात्र ४५ टक्केच.

आता आकडे शेजारी ठेवा. करार म्हणतो, कच्च्या पामवर ३७.५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावा. २०२२ च्या फेब्रुवारीपासून सप्टेंबर २०२४ पर्यंत आपण लावत होतो ५.५. मधलं सगळं अंतर दिल्लीने स्वतःच्या मर्जीने सोडलेलं आहे. त्याचं खापर करारावर फोडलं की खरा प्रश्न बाजूला पडतो.

ही मर्जी आजची नाही. १९८६ मध्ये तेलबिया अभियान सुरू झालं, पिवळी क्रांती म्हणतात ती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलीनची (पाम तेलातून निघणाऱ्या पातळ तेलाची) आयात ६५ टक्के शुल्क ठेवून खुली केली. पुढच्या चार वर्षांत ते शुल्क साडेसोळा टक्क्यांपर्यंत आलं. आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं.

नेपाळमध्ये सोयाबीन फारसं पिकत नाही. तिथून सोयाबीन तेल कसं येतं?

दक्षिण आशियातल्या देशांचा साफ्टा करार आहे, त्यात नेपाळच्या मालाला शून्य शुल्क. तिथला व्यापारी परदेशातून कच्चं तेल आणतो, शुद्ध करतो आणि सीमेपलीकडे भारतात पाठवतो. आपण शुल्क वाढवलं की या वाटेने येणारं तेल लगेच वाढतं. २०१९-२० मध्ये हे दिसलं, सप्टेंबर २०२४ नंतर पुन्हा दिसलं.

अशा वाटा बंद करायला प्रत्येक करारात मूळस्थानाचे नियम असतात. मालात त्या देशात किती टक्के मूल्य वाढलं पाहिजे, हे त्यात ठरतं. आसियान करारात ते ३५ टक्के आहे. सप्टेंबर २०२० पासून आपल्याकडे आयातदारालाच मूळस्थानाचा पुरावा ठेवावा लागतो. नियम चांगला आहे. मात्र त्याची कसोटी सीमेवरच्या नाक्यावर लागते.

कांद्याची निर्यातबंदी हे संरक्षणच नाही का?

ग्राहकाचं आहे, शेतकऱ्याचं नाही. माल बाहेर जाऊ न देणं म्हणजे इथला भाव मुद्दाम खाली ठेवणं.

२०२३-२४ चा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून लावलेली आणि पुढे वाढवलेली. ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना, बंदी उठली. पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावलं. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्मं झालं. १ एप्रिल २०२५ ला तेही काढलं. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला. त्याआधी सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्येही बंदी होतीच.

डिसेंबरमधली बंदी का जिव्हारी लागली, ते कांदा पिकवणाऱ्यालाच कळेल. तेव्हा बाजारात असतो तो लाल कांदा. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, लाल टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. लासलगावात भाव काही दिवसांत निम्म्यावर आला आणि लिलाव बंद पाडण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हातात काही उरलं नाही.

दुसरं नुकसान सावकाश होतं. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, आखाती देश हे आपले जुने गिऱ्हाईक. दोनदा-तीनदा माल अडला की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. बंदी उठवण्याची अधिसूचना एका रात्रीत निघते, तुटलेलं गिऱ्हाईक परत यायला वर्षं जातात.

मग शहरातल्या गरिबाने महाग तेल आणि महाग कांदा खायचा का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊ नये. आमच्या घरीही सोयाबीन विकतात आणि तेल विकत आणतात. औशाच्या दुकानातून आणलेल्या एक लिटरच्या पिशवीची मागची बाजू मी एकदा नीट वाचली: पामोलीन. आमच्या गावात घरच्या करडईच्या घाण्यावरचं तेल आता सणालासुद्धा क्वचित निघतं.

भाव भडकला की सरकारने काही करू नये, असं मी म्हणत नाही. ज्याला खरंच परवडत नाही त्याला रेशनवर तेल द्यावं, थेट खात्यात मदत द्यावी. आयात सगळ्यांसाठी स्वस्त केली की बंगल्यातलं तेलही स्वस्त होतं आणि त्याची किंमत कोरडवाहू शेतकरी भरतो.

बाहेरच्या तेलावर विसंबणं स्वस्तच असतं असंही नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेल अडलं. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली. ती २३ मेपर्यंत बंद होती. आपण कांद्याचं जे इतरांना करतो, तेच त्यांनी तेलाचं आपल्याला केलं. तेव्हा किराणा दुकानात जे भाव बघितले ते अजून आठवत असतील.

शरद जोशी खुल्या व्यापाराच्या बाजूने होते, हे खरं का?

खरं आहे. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांची शेतकरी संघटना महाराष्ट्रभर पोचली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डंकेल प्रस्तावावर, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या मसुद्यावर, देश पेटला, तेव्हा कर्नाटकात नंजुंडस्वामींचा रयत संघ त्याच्या विरोधात रस्त्यावर होता आणि इकडे जोशी त्याला पाठिंबा देत होते. अनेकांना तो विश्वासघात वाटला.

त्यांचा युक्तिवाद समजून घ्यायला हवा. भारतातल्या शेतकऱ्याला अनुदान मिळतं ते उणे, असं ते म्हणत. खत-विजेवर सरकार जेवढं देतं, त्याहून जास्त निर्यातबंदी, लेव्ही (ठरल्या दराने सरकारला सक्तीने माल देणं) आणि राज्यबंदी (माल राज्याबाहेर नेण्यास मनाई) लावून भावातून काढून घेतं. जग खुलं झालं तर निदान ही लूट थांबेल. "भीक नको, हवे घामाचे दाम" या घोषणेत हेच होतं. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संस्था दरवर्षी शेतीच्या आधाराचे आकडे काढते. त्यातही भारतीय शेतकऱ्याचा बाजारभावाचा आधार उणेच निघतो, म्हणजे निदान या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं आकड्यांनीही खरं ठरवलं आहे.

माझं मतभेदाचं ठिकाण एकच. अमेरिका आणि युरोप आपल्या शेतकऱ्याला भरघोस मदत देऊन माल जगात उतरवतात. अशा बाजारात आपलं दार सताड उघडं टाकून कोरडवाहू सोयाबीन टिकेल, हा विश्वास मला नाही.

स्वदेशीही इथेच रुजली. रानडे-टिळक तर संरक्षणाच्या बाजूचे होते?

होते, आणि त्याला कारण होतं. इंग्रज सरकारने १८८२ मध्ये कापडावरचं आयातशुल्क काढलं. १८९४ मध्ये तिजोरीसाठी ते परत लावावं लागलं, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क, आणि मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर! तो १९२५ पर्यंत चालला. आपल्या आजोबा-पणजोबांनी "मुक्त व्यापार" पाहिला तो असा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषण देऊन सांगितलं, की इंग्लंडचं अर्थशास्त्र जसंच्या तसं हिंदुस्थानाला लागू होत नाही. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना घराघरातून गोळा केलेल्या एकेक पैशावर उभा राहिला.

फरक इतकाच, की तेव्हा शुल्क ठरवणारं सरकार परकं होतं. आज आपलं आहे, त्यामुळे त्याला जाब विचारता येतो.

दुधाचं काय? आरसेपमधून, म्हणजे आशिया-पॅसिफिकच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो ते योग्य झालं का?

माझ्या मते हो. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने माघार घेतली. चीनच्या मालाची भीती होतीच, पण शेतीच्या अंगाने बोलायचं तर मुद्दा दुधाचा होता. न्यूझीलंड आपल्या दुधाचा फार मोठा भाग निर्यातच करतो. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या घरात दोन म्हशी असतात आणि दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल हाच त्या घराचा पगार. बाहेरची स्वस्त भुकटी उतरली की दूध संघ पहिला हात खरेदीदराला लावतात. म्हणून भुकटीवरचं ६० टक्के शुल्क टिकलंच पाहिजे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या करारातही दुग्धजन्य पदार्थ वगळलेले आहेत.

आणि कापूस?

कापसावर २०२१ मध्ये ११ टक्के शुल्क लावलं होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला ते ३० सप्टेंबरपर्यंत काढलं, मग सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्याने कापड उद्योग अडचणीत होता, हे मान्य. पण विदर्भ-मराठवाड्यात वेचणी होते ती ऑक्टोबर ते डिसेंबरातच. ऑस्ट्रेलियाच्या करारात ५१ हजार टन कापसाला शुल्कमाफी आहे, तो कोटा लिहिलेला, मोजलेला आणि आधीपासून माहीत असलेला आहे. त्याचा राग येत नाही.

आपण दार लावलं की इतर देशही लावतात का?

लावतात, आणि त्याची झळ वरूड-मोर्शीला विचारा. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयातशुल्क वाढवत किलोला ८८ रुपयांपर्यंत नेलं आणि संत्रा बागेतच पडून राहू लागला. इथे आपणच दुसऱ्याच्या संरक्षणवादाखाली सापडलो आहोत.

नाशिकच्या द्राक्षाची गोष्ट वेगळी. युरोपात भारतीय द्राक्षावर ८ टक्क्यांच्या आसपास शुल्क लागत आलं, तर चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका करारांमुळे शून्यावर विकतात. त्या बागायतदाराला करार हवा आहे आणि त्याचं बरोबर आहे. पण शुल्क गेलं तरी तपासणी राहते. २०१० मध्ये लिहोसिन या संजीवकाचा अंश सापडला आणि भारतीय द्राक्षं युरोपात अडली, बागायतदार कर्जात गेले. तेव्हापासून बागेची नोंदणी आणि रासायनिक अवशेषांची तपासणी याकडे कुणी डोळेझाक करत नाही.

कारखान्यांना संरक्षण दिलं तर नोकऱ्या वाढतात ना?

कुठल्या कारखान्याला, त्यावर आहे. २१ एप्रिल २०२५ पासून पोलादी पत्र्यावर २०० दिवसांसाठी १२ टक्के शुल्क लावलं. पोलाद कंपन्यांना आधार मिळाला. भोसरी किंवा वाळूजमधला प्रेस शॉपवाला तोच पत्रा विकत घेतो, त्याचा कच्चा माल महागला. त्याच्याकडेही माणसं कामाला असतात.

तुमच्या मते काय करायला हवं?

तेलबियांचं आयातशुल्क हमीभावाला बांधा. बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की शुल्क आपोआप वर, फार वर गेला की आपोआप खाली, आणि हे सूत्र मेमध्ये पेरणीआधी जाहीर करा. पेंडेचा विचार त्यात धरा. निर्यातबंदी कायद्याने अवघड करा. लावलीच तर ज्यांचा माल काढणीला आला आहे त्यांना भरपाई द्या. करारात जशी दहा-दहा वर्षांची शुल्काची वेळापत्रकं असतात, तशी शिस्त आपल्या शेतकऱ्यालाही मिळू द्या. ब्रिटनच्या व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर येणार, हे तिथल्या मद्यउत्पादकाला आज माहीत आहे. आम्हाला पुढच्या महिन्याचं माहीत नसतं.

एखाद्या करारात माझ्या पिकाचं काय झालं, ते कसं बघायचं?

केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करारांचा पूर्ण मजकूर असतो. त्यात शुल्काचं परिशिष्ट उघडा आणि मालाचा कोड शोधा. कांदा ०७०३, द्राक्ष ०८०६, सोयाबीन १२०१, सोयाबीन तेल १५०७, पाम तेल १५११, सोयापेंड २३०४, कापूस ५२०१. कोडसमोर कुठल्या वर्षी किती शुल्क ते लिहिलेलं असतं, किंवा तो माल वगळल्याची खूण असते. रोजच्या बदलांसाठी दोन ठिकाणं बघा: निर्यातबंदी आणि किमान निर्यातमूल्य विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाकडून निघते. पुष्कळदा ती रात्री येते, म्हणून गाडी भरायच्या आधी सकाळी एकदा बघून घ्या.